बर्फ तुडवायचा राहून गेला

सांडनेस, नॉर्वे
२२ मार्च

बर्टिल,

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोन केला असता, पण फोनवर तू गप्प बसतोस, मग मी ओरडतो, मग तू म्हणतोस "बरं तर" आणि ठेवून देतोस. पत्रात निदान तुझं गप्प बसणं ऐकू येत नाही.

कार्ड मिळालं. म्हणजे ठरलं तुझं. चोवीस मे, रविवार, लोक घर बघायला येणार. एजंट बाईंचं नाव येसिका. ठीक आहे. जानेवारीत तू लिहिलं होतंस, "इथे राहायला येशील का? येणार नसशील तर एकट्याने मला झेपत नाही, घर विकावं लागेल. कळव." मी कळवलं नाही. तू परत विचारलं नाहीस. आता तो विषय आपण काढायचा नाही, चालेल?

कामाचं बोलू. मासळीचा कारखाना मी फेब्रुवारीतच सोडला. हाताला वास राहतो म्हणून नव्हे, रोज तेच मासे म्हणून. मग तीन आठवडे स्कीच्या डोंगरावर लोकांना वर नेणाऱ्या दोरावरच्या पाळण्यात बसवलं. आता ओडवार नावाच्या म्हाताऱ्याकडे आहे. ज्यांना घर विकायचं असतं ते याला बोलावतात. हिवाळ्याने अंगणाची जी दशा केलेली असते ती आम्ही दोन दिवसांत पुसून टाकतो. बघणाऱ्याला वाटावं की या घरातली माणसं वर्षभर बाहेर बसून स्ट्रॉबेरीच खातात. तेव्हा तुझ्या नशिबाने मी या विषयातला जाणकार आहे. नववी पास जाणकार. हसू नकोस.

तर ऐक. दंताळं घेऊन लगेच हिरवळीवर उतरू नकोस. बर्फ गेला की गवतावर करडं जाळं दिसेल, ती बुरशी आहे, ऊन लागलं की जाते. पाय ठेवल्यावर पाणी वर येईनासं झालं की मगच दंताळं. तोवर फाटकापासून पायरीपर्यंत हिवाळाभर घसरू नये म्हणून टाकलेली खडी झाडून काढ, नाहीतर ती गवतात शिरते आणि उन्हाळ्यात यंत्राचं पातं मोडतं. नव्या मालकाचं मोडेल म्हणा, आपल्याला काय. गुलाबांवर झाकलेल्या स्प्रूसच्या फांद्या एवढ्यात काढू नकोस, बर्चला पानं फुटेपर्यंत थांब, आई तेव्हाच काढायची. करंटच्या फळझुडपातली जुनी काळी खोडं बुडातून काप. सगळा कचरा गोठ्यामागे रचून ठेव, तीस एप्रिलच्या गावच्या शेकोटीसाठी ट्रॅक्टर फिरतो तो नेईल. झेंड्याची काठी धू. पायरीच्या दोन्ही अंगांना पॅन्सीच्या फुलांच्या कुंड्या ठेव. पिवळ्या. जांभळ्या फोटोत मेल्यासारख्या दिसतात, हे मला इथे आल्यावर कळलं.

ओडवारने विचारलं, "एवढं कुणाला लिहितोयस?"

"बर्टिलला."

"बर्टिल कोण?"

"आईचा नवरा."

"म्हणजे बाप."

"नाही, बर्टिल. मी सात वर्षांचा असताना आमच्याकडे आला."

"तुम्ही स्वीडनवाले एका प्रश्नाला सरळ उत्तर द्याल तर शपथ," असं म्हणून तो गाडी धुवायला गेला.

आईचे कपडे अजून पिशव्यांतच आहेत का? नको सांगूस.

मेल्कर

११ एप्रिल

बर्टिल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. दोन पानं खडी आणि पन्हळ. येसिकाबाईंना पॅन्सी आवडल्या. शेजारची सीव्ह कुंपणावरून विचारते, नवे लोक कुत्रा पाळणारे असतील का. आणि मग अगदी तळाला, "सफरचंदाच्या झाडाची साल उंदरांनी खाल्लीय. सगळीकडून. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत."

हे असं शेवटी लिहितात का रे? दूध संपलंय तसं?

सगळीकडून म्हणजे खरंच सगळीकडून? एखादी पट्टी तरी उरली असेल. डोळ्यांनी नको, बोट फिरवून बघ. तुझ्या बोटांना कळत नसेल तर सीव्हला बोलाव, तिला नाहीतरी आपल्या आवारात यायला कारणच हवं असतं.

तू विचारलंस, तुमच्या धंद्यात अशा वेळी काय करतात. तर येसिकाबाई सांगतात तेच करतात. बुडाशी सालपटांचा भुसा टाकायचा, गुडघाभर ढीग, पुढे दोन कुंड्या. झाड यंदा फुलणारच. साल गेलेलं झाडही त्या वर्षी फुलतं, आत साठवलेलं असतं त्यावर. चोवीस मेपर्यंत कळ्या टचटचीत होतील, लोक म्हणतील, अगंबाई, सफरचंद! ऑगस्टात पानं पिवळी पडतील आणि पुढच्या वर्षी सरपण. तोवर कागदावर सह्या झालेल्या असतील.

तर तसं कर. झाड घराबरोबर जाणारच आहे. आपलं काय त्यात.

मेल्कर

१३ एप्रिल

बर्टिल,

परवाचं पत्र फाडून टाक. सीव्हला वाचून दाखवलं असशील तर तिलाही विसरायला सांग.

गेल्या आठवड्यात आम्ही एका घरी ओसरीचा कुजलेला खांब मोठ्या कुंडीने झाकला. कुंडी मीच उचलून आणली, मीच फिरवून फिरवून लावली. ओडवार म्हणाला, "शाबास." मला काही म्हणजे काही वाटलं नाही. उलट खूश होतो, दुपारी दोन पाव जास्त खाल्ले. आणि कालपासून मात्र तुझी ती तळाची ओळ डोक्यातून जात नाही. काम करताना फावडं पायावर पाडून घेतलं.

बर्फ कुणी तुडवला नाही. हे तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही.

दर मोठ्या बर्फानंतर आई आणि मी बूट चढवून झाडाभोवती फिरायचो. बर्फ तुडवून तुडवून दगडासारखा केला की उंदरांना खालून बोगदा काढून बुंध्यापर्यंत येता येत नाही. तू स्वयंपाकघराच्या खिडकीत कॉफी घेऊन उभा राहायचास. कधी बाहेर आला नाहीस. लहानपणी मला वाटायचं, केवढा आळशी माणूस आहे हा. मागच्या हिवाळ्यात आईला जमेना तेव्हा मी एकटा फिरलो आणि ती तुझ्या शेजारी खिडकीत बसून बोटाने दाखवत होती, इकडे राहिलं, तिकडे राहिलं. ती काचेवर टकटक करायची आणि तू तिचा कप धरून ठेवायचास. तेव्हा मला कळलं की तू आळशी नव्हतास. ते आम्हा दोघांचं काम आहे असं तू ठरवून टाकलं होतंस.

यंदा मी नव्हतो. ऑक्टोबरात आई गेली, तिचं सगळं झालं, दुसऱ्या दिवशी तू तिचे कपडे पिशव्यांत भरायला घेतलेस आणि मी ओरडलो, "हात लावू नकोस, हे माझ्या आईचं घर आहे, तुझं नाही." आणि निघालो. मग तू झाडाभोवती कशाला फिरशील? जे तुझं नाही म्हणून सांगितलं ते तू केलं नाहीस. तू असाच आहेस.

ते असो. आता घाई आहे. मी ओडवारला सगळं सांगितलं, खांबाचंही बोललो. त्याने नाक खाजवत सगळं ऐकलं. मग म्हणाला, "झाड मेलेलं नाही अजून. पूल बांधायचा." वरच्या आणि खालच्या जिवंत सालीमध्ये त्याच झाडाच्या काड्या बसवायच्या, म्हणजे रस त्यांच्यातून चढतो-उतरतो. त्याच्या बापाने असं झाड वाचवलं होतं. पण काड्या झोपेत असतानाच कापायला हव्यात, कळ्या फुगायच्या आत. तू आजच शिडी लाव. मागच्या वर्षी फुटलेल्या सरळ काड्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर नव्हे, हातभर लांब. दहा-बारा काप. ओल्या फडक्यात गुंडाळ आणि लाकडाच्या खोपटामागे सावलीत जो बर्फ उरला असेल त्यात पूर. तिकडे मेपर्यंत उरतो तो. आणि साल मेच्या मध्याला सुटायला लागली की कलम करायचं. कसं ते ओडवारने काढून दिलंय, चित्र सोबत आहे. झाडाशेजारी टोपी घातलेला माणूस आहे तो तू.

भुसा टाकला असशील तर काढ.

मेल्कर

४ मे

बर्टिल,

वाळक्या फांदीवर सात वेळा सराव केलास आणि सातही वेळा चाकू निसटला असं लिहिलंस. आठव्यांदा अंगठा. पट्टी कुणी बांधली, सीव्हने? आणि वर लिहितोस, "चेनसॉ धरून बोटं बधिर झालीत. एकतीस वर्षं झाडं पाडली, हे काम उलट्या बाजूचं आहे." तुझ्या सबंध आयुष्यातलं सगळ्यात लांब वाक्य असेल हे.

चाकू ठेवून दे. मी येतोय.

ओडवारला म्हटलं, मला चार दिवस सुट्टी पाहिजे. तो म्हणाला, "ऐन हंगामात? तुझं डोकं फिरलंय." मी म्हटलं, नाही दिलीस तरी जाणार. तो म्हणाला, "मला वाटलंच, तू टिकणारा नाहीस." मग संध्याकाळी येऊन स्वतःचा कलमाचा चाकू आणि मेणाचा डबा टेबलावर ठेवला. "चाकू परत पाहिजे मला," म्हणाला. "मेण राहू दे." आता मला परत यावंच लागणार, डोकेबाज म्हातारा.

चौदा तारखेला गुरुवारी, सणाची सुट्टी आहे त्या दिवशी दुपारच्या बसने पोचेन. थांब्यावर येऊ नकोस, मला रस्ता माहीत आहे.

येतोय म्हणजे राहायला येतोय असं नाही. तुझ्या जानेवारीच्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. "हो" लिहिलं तर ते भुशाचा ढीग टाकून झाकल्यासारखं असेल. आणि "नाही" लिहिलं तर तुला घरातून काढणारा मी असेन. सोफ्यावर अंथरूण टाक.

मेल्कर

ओस्लोच्या गाडीतून
१८ मे

बर्टिल,

तू हात हलवत होतास ते दिसलं, पण बसची काच घाण होती म्हणून माझा हात दिसला की नाही माहीत नाही.

या चार दिवसांत जे झालं ते तुला ठाऊक आहे, तू तिथेच होतास. तरी लिहितो, कारण तेव्हा मला बोलायचं होतं ते मी बोललो नाही. थांब्यावर येऊ नकोस म्हटलं होतं, तर तू थांब्याच्या अलीकडच्या वळणावर उभा! म्हणालास, "थांब्यावर कुठे आलोय?"

अंगण सुरेख केलंस. खरंच सांगतो, ओडवारने दहातले नऊ दिले असते. एक गुण जांभळ्या पॅन्सीमुळे गेला. तू म्हणालास, "पिवळ्या संपल्या होत्या." सीव्ह कुंपणावरून म्हणाली, "खोटं बोलतोय, तुझ्या आईला, मोनाला जांभळ्या आवडायच्या." आणि तू गटारात काहीतरी शोधायला लागलास.

मग माझी खोली. आईच्या पिशव्या भिंतीला लागून रांगेने ठेवलेल्या आणि प्रत्येकीवर तुझ्या मोठ्या अक्षरात, "मेल्करला विचारून." मी दार लावून किती वेळ आत होतो ते तू मोजलं नसशील. बाहेर आलो तेव्हा तू बटाटे सोलत होतास आणि म्हणालास, "काही ठेवायचं का?" मी हिरवा स्वेटर दाखवला. तू म्हणालास, "बाह्या आखूड होतील." आत्ता अंगावर आहे. आखूडच आहेत.

शुक्रवारी सकाळी सालीखाली चाकूचं टोक घातलं आणि ती हलकेच सुटली, ओल्या पाकिटासारखी. मला इतका आनंद झाला की मी शिवी दिली. तू काड्या बर्फातून आणल्यास, एकेक फडक्याने पुसून माझ्या हातात देत होतास, दोन्ही हातांनी, अंडं द्यावं तसं.

"वरचं टोक कुठलं?" तू विचारलंस.

"कळ्या ज्या बाजूला तोंड करून आहेत ते वर."

"आणि उलटी बसवली तर?"

"तर ती तुझ्यासारखी होईल. आतलं आतच राहील."

तू हसलास. नाकातून, पण हसलास. सहा काड्या बसवल्या, सहाही थोड्या धनुष्यासारख्या वाकवून, बारीक खिळे, वर मेण. सहावीवर मेण लावताना माझं तोंड झाडाकडे होतं म्हणून मला बोलता आलं.

"बर्टिल, मी नाही राहू शकत इथे."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"तू एका जागी तीन महिने टिकलायस कधी? शाळेतसुद्धा खिडकीतून पळायचास."

"मग जानेवारीत विचारलंस कशाला?"

तू अंगठ्यावरचं मेण नखाने खरवडत बसलास. सगळं निघालं तरी खरवडत होतास. मग म्हणालास, "मोनाचं घर आहे. तूच म्हणालास. तुला न विचारता कसं विकू?"

"मग सरळ विचारायचं होतंस, विकू का म्हणून!"

"मला वाटलं सरळच विचारलंय."

चार महिने, बर्टिल. चार महिने ते पत्र जाकिटाच्या आतल्या खिशात घेऊन मी फिरत होतो आणि मला वाटत होतं, हा माणूस मला खुंट्याला बांधायला बघतोय. आणि तू तिकडे बसून माझ्या परवानगीची वाट बघत होतास. तेव्हा मी फक्त "मेण दे" एवढंच म्हणालो. मला हसू येत होतं आणि दुसरंही काहीतरी येत होतं.

तर आता लिहितो, हे नीट जपून ठेव, पाहिजे तर येसिकाबाईंना दाखव. ऑक्टोबरात मी जे ओरडलो ते खोटं होतं. ते घर तुझं आहे. पंधरा वर्षं छपरावरचा बर्फ तू काढलास, माझ्या सायकली तू दुरुस्त केल्यास, शेवटच्या महिन्यात तिला उचलून खिडकीत तू बसवायचास. मला विचारायची गरज नव्हती, पण विचारलंस म्हणून उत्तर देतो. विक. मला चालेल. दोन-तीन दिवस वाईट वाटेल, तेवढं वाटू दे.

झाडाचं काय सांगायचं ते तू बघ. काड्या लागतील की नाही हे जूनअखेर कळेल. तोवर ते झाड आजारी आहे.

मेल्कर

सांडनेस
७ जून

बर्टिल,

सीव्हने मला फोन केला होता. नंबर तिला कुठून मिळाला ते विचारत नाही. चोवीस तारखेची हकिकत तिने कुंपणापलीकडून जशी बघितली तशी अर्धा तास सांगितली, आणि मग तुझं पत्र आलं त्यात त्याच हकिकतीच्या चार ओळी. दोन्ही जोडून मला चित्र दिसलं.

येसिकाबाईंनी बजावलं होतं की मालकाने त्या दोन तासांत घरी थांबायचं नाही, लोकांना अवघडल्यासारखं होतं. आणि तू कॉफीचा थर्मास घेऊन झाडाशेजारी स्टुलावर! येईल त्याला सांगत होतास, "ही साल उंदरांनी खाल्लीय. माझ्या मुलाने कलम केलंय. जगेल की नाही सांगता येत नाही." सीव्ह म्हणते, येसिकाबाईंचा चेहरा तुझ्या पॅन्सीच्या रंगाचा झाला होता. एक जोडपं तिथूनच मागे फिरलं. दुसऱ्याने विचारलं, मग झाड पाडायचा खर्च कोण करणार? आणि ती येव्हलेहून आलेली नर्स गवतात गुडघे टेकून बसली, सहाही काड्या बघितल्या आणि म्हणाली, "हिवाळ्यात आम्ही काय करायचं?" मग तू उठून तिला आणि तिच्या नवऱ्याला झाडाभोवती फेऱ्या मारून दाखवल्यास. मे महिन्यात, हिरव्या गवतावर, पाय आपटत. सीव्ह म्हणते, तिघं वेडे गोल गोल फिरत होते.

सीव्हला वाटलं, तू मुद्दाम गिऱ्हाइकं पळवतोयस. मला नाही वाटलं. घर त्यांनाच दिलंस ते बरं केलंस.

सीव्हने सांगितलेलं आणखी एक तुझ्या चार ओळींत नव्हतं. "माझ्या मुलाने" असं तू दर वेळी म्हणालास की एकदाच, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "दर वेळी. मी मोजलं नाही, पण दर वेळी."

मी ओडवारला सांगून टाकलंय, खांब झाकायचं काम मी करणार नाही, बाकी काय ते सांग. तो म्हणाला, "मग तू सुतारकाम शिक, म्हणजे खांब बदलता येईल." तेव्हा सध्या रंधा मारतोय. किती दिवस ते माहीत नाही, पण रंध्याचा आवाज मला आवडतो.

तू बोल्नेसमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतलास, बाल्कनी दक्षिणेला, लिफ्ट आहे, खाली बेकरी. ऐकायला बरं वाटलं. बाल्कनीत काय लावायचं ते मी सांगणार नाही, तुला जांभळंच लावायचं असेल तर लाव.

एकच काम आहे. दारावर टपालाच्या फटीवर नावाची पाटी लावशील, तिच्यावर माझंही नाव घाल. पाटीवर नाव नसलं तर टपालवाला पत्र आत टाकत नाही, सरळ परत पाठवतो. इथे सुतारकामाच्या वर्गाचा अर्ज भरला, त्यात कायमचा पत्ता विचारला होता आणि मी पेन हातात धरून बराच वेळ बसलो होतो. शेवटी तुझाच लिहिला. राहायला येणार नाही मी तिथे, तुला माहीतच आहे. अधूनमधून येईन, सोफा असेलच.

पाटी लहान असेल तर दोन नावं लिही आणि आडनाव एकदाच. तुझं.

मेल्कर